लाल दोऱ्यातला नंबर

रफू म्हणजे शिवण नव्हे, हे मी उभ्या आयुष्यात हजार लोकांना तरी सांगितलं असेल. त्यातल्या नऊशेंनी मान डोलावून, "बरं, मग कधी शिवून मिळेल?" असंच विचारलंय. पालथ्या घड्यावर पाणी. शिवणीत दोन कडा जवळ ओढतात. रफूत भोक भरून काढायचं असतं. त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागे उपसायचे, एक उभा, एक आडवा, वरून-खालून, वरून-खालून, आणि शेवटी कपडा घालणाऱ्यालाही भोक कुठे होतं ते सापडू नये. सापडलं तर काम फसलं.

आता काम दिसणारच नसेल तर ते केलं कुणी हे कसं कळायचं? म्हणून आमच्यात निशाणी असते. कॉलरच्या आतल्या बाजूला, लाल दोऱ्यानं, तांदळाच्या दाण्याएवढा नंबर. दुकानात माझे वडील एक नंबर, मी दोन नंबर आणि काडी तीन नंबर. काही तक्रार आली तर कुणाचे कान पिळायचे ते लगेच समजतं. कपडा कुणाचाही असो, नंबर रफू करणाराचा. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ यातूनच झालाय.

काडी म्हणजे आमचा मुलगा, एकुलता एक. जन्मला तेव्हा हातपाय इतके बारीक की सुईणीनं त्याला उचलून धरून "ही काडी कुणाची?" असं विचारलं आणि ते नाव चिकटलं. शाळेच्या दाखल्यावर दुसरं काहीतरी होतं, पण त्या नावानं हाक मारली तर तो स्वतःच मागे वळून बघायचा, कुणाला बोलावताहेत म्हणून. दहाव्या वर्षी दुकानात माझ्यासमोरच्या स्टुलावर बसला. पहिली दोन वर्षं त्याच्या रफूला मी "जखम" म्हणत असे. "आण बघू तुझी जखम." तो हसत आणून दाखवायचा. त्याला राग म्हणून यायचा नाही, हा त्याचा मोठा दुर्गुण. मी तोंड सोडावं आणि समोरच्यानं शीळ घालत सुई ओवावी, यात बापाचं काय राहतं?

एकदा गिऱ्हाईक दारात उभं असताना मी घाईनं कोट घालायला गेलो तर हात बाहेरच येईना. पठ्ठ्यानं दोन्ही बाह्या मनगटापाशी शिवून बंद केल्या होत्या. मी पंख फडफडवत उभा, गिऱ्हाईक खो-खो हसतंय, आणि हा खाली मान घालून कामात गर्क. उसवायला मला अर्धा तास लागला. उसवता उसवता लक्षात आलं की हे टाके माझ्यापेक्षा सरस आहेत. ते मी त्याला सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू, लगेच डोक्यावर बसेल, असं करता करता राहिलं. आता ते मला रोज छळतं.

तो एकोणीस वर्षांचा होता तेव्हा युद्ध सुरू झालं. कशावरून झालं ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. वर्तमानपत्रात दर आठवड्याला कारण बदलायचं. एका सकाळी काडीला हजर होण्याचा हुकूम आला. "सैन्याला काडी कशाला हवी?" बायको म्हणाली. "वारा सुटला तर उडून शत्रूच्या मांडीवर जाऊन पडेल." तिला वाटत होतं डॉक्टर छाती मोजतील आणि परत पाठवतील. डॉक्टरांनी छाती मोजली आणि ठेवून घेतलं.

स्टेशनवर बायकोनं त्याला मिठी मारली. मी काय केलं? मी त्याला सुयांची डबी दिली आणि म्हणालो, "नंबर घालायला विसरू नकोस."

"बाबा, तिथे रफू कोण करून घेणारे?"

"फाटतं तिथे रफू लागतंच. आणि आता तीन घालायचा नाही. सैन्यानं तुला नंबर दिलाय ना, तोच घालायचा. काम कुणाचं आहे ते कळलं पाहिजे."

त्याचा नंबर चार हजार चारशे सतरा. त्यानं मला कडक सलाम ठोकला, चुकीच्या हातानं. बायको हसली, आणि गाडी हलल्यावर रडली. मी वरच्या आवाजात तिला रुमाल धुवायला टाकायला सांगितलं. बापाची जात.

त्याची पत्रं मजेशीर असायची. "बाबा, इथे सगळ्यांचं सगळंच फाटलेलं आहे. आत्तापर्यंत एकतीस शर्ट झाले, त्यात माझे दोन्ही. प्रत्येकाच्या कॉलरमध्ये ४४१७. हवालदार म्हणाले, स्वतःची वेगळी पलटण काढतोस की काय? मला आता कुणी काडी म्हणत नाही, रफू म्हणतात." मी उलट टपाली लिहिलं, "शाबास. एकही सोडू नकोस." जन्मात एकदा त्याला शाबास म्हणालो ते यासाठी.

मग पत्रं थांबली. टपालाचं काही खरं नव्हतं. शेजारच्या बेकरीवाल्याच्या पुतण्याची तीन महिन्यांची पत्रं एकाच दिवशी आली होती. त्यामुळे आम्ही घाबरलो नाही, किंवा घाबरलोय असं एकमेकांना दाखवलं नाही. एका दुपारी पोस्टमननं पाकीट फटीतून आत टाकायच्या ऐवजी दार वाजवलं, तेव्हाच बायको खाली बसली. चौदा तारखेला पुलावरच्या लढाईत क्रमांक ४४१७ यांना वीरमरण. सोबत ओळखीचा पुरावा म्हणून कॉलरचा कापून घेतलेला तुकडा. लाल दोऱ्यातला नंबर.

मी तो तुकडा मुठीत धरला आणि बायकोला दाखवला नाही. लोक आले, बसले, गेले. मी दुकान उघडलं नाही. बायको रडली नाही, नुसती काडीच्या स्टुलावर जाऊन बसायची आणि विचारलं की म्हणायची, "इथे उजेड बरा आहे."

अकरा दिवसांनी पोस्टमन पुन्हा दारात. हातात पाकीट, चेहरा पडलेला. "काका, मला काही समजत नाही. पुन्हा तसलंच आहे."

बावीस तारखेला फळबागेतल्या लढाईत क्रमांक ४४१७ यांना वीरमरण. कॉलरचा तुकडा. लाल दोऱ्यातला नंबर.

"चौदाला गेलेलं पोर बावीसला बागेत कसं जाईल?" बायको म्हणाली. आवाज चढलेला, डोळे चमकत होते. मी दोन्ही तुकडे भिंगाखाली घेतले. दोन्ही त्याच्याच हातचे. वळणावर एक टाका जास्त घ्यायची त्याची खोड तीनमध्येही होती, इथे ती सातात होती. मी बघत राहिलो, मग भिंग खाली ठेवलं.

सैन्याच्या लेखी कॉलरमधला नंबर म्हणजे शर्ट घालणाराचा नंबर. आमच्या लेखी रफू करणाराचा. एकतीस शर्टांवर माझ्या मुलाचा नंबर होता, एकतीस तरी. सैन्याचे शर्टांवरचे शाईचे शिक्के दोन धुण्यांत उडतात, माझ्या पोराचा दोरा उडत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात त्याचा होता आणि दाखवायला मी सांगितला होता. मी बायकोला सगळं समजावलं.

"म्हणजे तो जिवंत आहे!" ती म्हणाली.

"म्हणजे काहीच माहीत नाही. त्यानं स्वतःच्या शर्टांवरही घातलाय ना. यातला एक त्याचा असेल. दोन्हीही नसतील."

"दोन्ही नसतील," ती म्हणाली, आणि उठून अकरा दिवसांत पहिल्यांदा धड स्वयंपाक केला. माझं ताट तसंच राहिलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आशा धरावी तर पहिलं पाकीट समोर, सोडावी तर दुसरं.

आम्ही सैन्याच्या कचेरीत गेलो. कारकुनानं दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि बराच वेळ नाक खाजवलं. "तुमचा मुलगा चौदा तारखेला मयत आहे," तो म्हणाला. "मयत माणूस पुन्हा मयत दाखवता येत नाही. हे दुसरं पत्र चुकीचं आहे."

"मग पहिलं बरोबर कशावरून?"

"ते आधी आलंय."

"आणि गळ्यातला बिल्ला? तो का नाही बघत?"

"त्या भरतीला बिल्ले पुरले नाहीत."

मी त्याला रफू समजावलं, निशाणी समजावली, कपडा कुणाचा आणि नंबर कुणाचा ते तीनदा सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही शिंपी?" पुढे मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. बायकोनं कोपराला धरून मला रस्त्यावर आणलं.

तिसरं पाकीट पोस्टमन धावत घेऊन आला. ते लष्करी इस्पितळाचं होतं. क्रमांक ४४१७ दाखल, डोक्याला आणि जबड्याला जखम, बोलू शकत नाही, प्रकृती स्थिर, नातेवाइकांनी यावं. मी दुसऱ्या ओळीवर होतो तोवर बायकोनं पिशवी भरायला घेतली होती. "दोनदा मेलेला माणूस तिसऱ्यांदा जगतो," ती म्हणाली. हा कुठला हिशेब ते मी विचारलं नाही. तिचा स्वेटर मी उलटा घडी करून पिशवीत कोंबला, आणि त्यावरूनही ती मला काही बोलली नाही.

इस्पितळ म्हणजे मुळात शाळा होती. वर्गांत खाटा, आणि फळ्यांवर खडूनं खाटांचे नंबर अन् औषधांच्या वेळा. एकोणीस नंबरच्या खाटेवर तो पडला होता. सगळं डोकं आणि तोंड पट्ट्यांत, एक डोळा तेवढा पट्टीबाहेर, आणि ओठांपाशी चमचा जाईल इतकी फट. डोळा मिटलेला होता. "ऐकू येतं त्याला," परिचारिका म्हणाली. "दूध थोडं थोडं द्या."

बायको खाटेच्या कडेला बसली. मी दुसऱ्या बाजूनं त्याचा डावा हात उचलला. रफू करणाराच्या डाव्या तर्जनीला सुईचं टोक आयुष्यभर टोचत राहतं, तिथली कातडी खरवडलेल्या लाकडासारखी होते. माझी तशी आहे, काडीची पंधराव्या वर्षीच झाली होती. या हाताची तर्जनी गुळगुळीत होती. तळवा रुंद, कुदळ मारणाऱ्याचा. मी हात खाली ठेवला.

"अगं..."

"गप्प बसा. दूध गार होतंय," ती म्हणाली, आणि पुढचा चमचा भरला.

दिवसभर ती त्याला दूध पाजत होती, पाय चेपत होती, माश्या वारत होती. मी बाकावर बसून होतो. मनात येत होतं, हिला कळलंच नाही? नऊ महिने पोटात वाढवलं आणि कळलं नाही? की मीच चुकतोय, सैन्यातल्या दोन वर्षांत बोट मऊ पडलं असेल? मी पुन्हा जाऊन बोट बघितलं. पुन्हा येऊन बसलो. असं चारदा केलं असेल.

संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या खोलीत बसणाऱ्या कारकुनानं मला बोलावलं. हा पहिल्यापेक्षा माणसात होता. "ओळख पटल्याची सही करा, काका. महिन्याभरात घरी न्या. नंबर जुळतोय, तुम्ही बाप आहात, मला पुरे."

"आणि नाही पटली तर?"

"तर हा अनोळखी. आणि ४४१७ आधीच्या नोंदीप्रमाणे मयत."

खोटं का सांगू? माझा हात शिवशिवला. एक सही, की काडी जिवंत. कागदावर का होईना. मी म्हणालो, उद्या करतो.

बाहेर व्हरांड्यात बायको उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "तो आपला नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे. आत शिरताना पाय बघितले तेव्हाच कळलं."

"मग दिवसभर बोलली का नाहीस?"

"बोलले की काडी मेला," ती म्हणाली. "तुम्ही बोलणार नाही अशी आशा होती. एरवी कुठे वेळेवर बोलता तुम्ही?"

मी विचारलं, "आणि याची आई?" मला वाटलं ती चिडेल. ती कठड्याला धरून उभी राहिली, मग पदरानं तोंड पुसलं आणि सरळ खाटेकडे गेली. मी तिच्या मागे.

तिनं त्याचा हात हातात घेतला. "बाळा, मी विचारते. हो असेल तर हात दाब. तुझ्या शर्टाला रफू केलं तो पोरगा तुझ्या ओळखीचा?"

त्यानं दाबला. मला ते बोटांच्या हालचालीवरून दिसलं.

"बारीक? शीळ घालणारा?"

दाबला, दोनदा.

"तो आहे?"

हात तसाच पडून राहिला. तिनं पुन्हा विचारलं, हळू आवाजात. हात पडूनच राहिला.

"गेला?"

दाबला.

"तू बघितलंस?"

दाबला.

"पुलावर?"

दाबला.

"की बागेत?"

दाबला.

"दोन्हीकडे कसा जाईल?" मी ओरडलो. त्यानं तेव्हाही दाबला. परिचारिका धावत आली. "ताप आहे त्याला, दमलाय. एकदा दमला की सगळ्यालाच दाबतो." मी म्हणालो, "मग 'गेला' हे तरी खरं कशावरून?"

"'आहे' म्हटल्यावर त्यानं दाबला नाही," बायको म्हणाली. "दोनदा विचारलं मी. ते खरं." त्या पोराच्या उघड्या डोळ्यातून पाणी कानाच्या पट्टीत उतरत होतं. बायकोनं ते पुसलं आणि मग तिला रडू फुटलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मलाही रडायला येत होतं आणि ते मी या वेळी दाबून धरलं नाही.

सकाळी त्याचा ताप उतरला. बायकोनं अक्षरं म्हणायला सुरुवात केली, एक एक करून, आणि बरोबर अक्षर आलं की तो हात दाबायचा. मी चिठोऱ्यावर लिहीत होतो. त्याचं नाव लिहायला पाऊण तास लागला, गावाचं लिहायला तासभर. आईचं नाव त्यानं भराभर सांगितलं. सगळं झाल्यावर मला राहवलं नाही, मी पुन्हा विचारलं, "पूल की बाग?" त्यानं हात काढून चादरीखाली घेतला. बायकोनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी तो प्रश्न पुन्हा तोंडातून काढला नाही.

कारकुनानं आधी त्याचा कागद केला. नाव, गाव, जिवंत. बायकोनं त्या बाईसाठी स्वतः दोन ओळी लिहिल्या, दूध पचतं, एक डोळा शाबूत आहे, लवकर या. चिठ्ठी पाकिटात गेली. मग त्यानं दुसरा कागद ओढला आणि वर ४४१७ लिहिलं.

"ठिकाण आणि तारीख एकच लागेल," तो चाचरत म्हणाला. "दोन्हीकडे पुरलंय. एका ठिकाणी तुमच्या मुलाच्या नावाची पाटी राहील. दुसरीकडे अनोळखी असं लिहावं लागेल. पहिलं पत्र पुलाचं आहे. पूल लिहू?"

पुलावर काडी असेल आणि बागेत कुणा दुसऱ्याचा मुलगा. किंवा उलट. किंवा दोन्ही दुसऱ्यांचे आणि काडी तिसरीकडेच कुठेतरी, जिथून पाकीटच आलं नाही. दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा आता कायमचा अनोळखी होणार होता, आणि त्याच्या अंगावरचा शर्ट माझ्या मुलानं जीव ओतून नीट केला होता. कुठला कुणाचा, मला काही म्हणता काही कळत नव्हतं. मी बायकोकडे बघितलं.

"बाग लिहा," ती म्हणाली.

"काही पुरावा आहे का, मावशी?"

"नाही."

"मग बाग कशावरून?"

"पूल चौदा तारखेचा. बाग बावीसची," ती म्हणाली. "आठ दिवस जास्त जगतो."

कारकुनानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं बाग लिहिलं, पुढे बावीस तारीख घातली, आणि कागद सहीसाठी माझ्याकडे वळवला.